यलहंक ते हिंदुपूर : एका राज्य महामार्गाचा इतिहास

इतिहासाचा विषय निघाला की बेंगळुरूतील मराठी माणसाचे मन सहसा रायगड, पुणे किंवा तंजावरकडे धावते. यलहंक, दोड्डबळ्ळापूर, गौरीबिदनूर ही गावे ओलांडून आंध्र प्रदेशातील हिंदुपूरकडे जाणारा कर्नाटकाचा राज्य महामार्ग क्रमांक ९ त्याला केवळ वाहतुकीचा रस्ता वाटतो. वास्तविक या वाटेवर आपल्या इतिहासाची अनेक पाने विखुरलेली आहेत.

यलहंक ही केंपेगौडांच्या घराण्याची मूळ भूमी. याच घराण्यातील केंपेगौडांनी १५३७ मध्ये बेंगळुरू वसविले. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने ते जिंकल्यावर शहाजीराजांना येथील जहागीर मिळाली. तीत कोलार, होसकोटे व शिरे यांच्यासह दोड्डबळ्ळापूरही होते. राजांच्या दरबारातील बहुभाषिक विद्वानांचे दर्शन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त घडते. पुढे १६८७ मध्ये बेंगळुरू मोगलांच्या हाती गेले आणि त्यांच्याकडून ते तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांनी घेतले.

वाटेच्या दुसऱ्या टोकाचे हिंदुपूर हे नाव गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांच्या पित्याच्या, म्हणजे हिंदुरावांच्या नावावरून पडले, असे सांगितले जाते. कर्नाटकातील युद्धांत मुराररावांच्या घोडदळाचा मोठा दबदबा होता. तथापि १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्ती घेतली आणि हा पराक्रमी सरदार कैदेतच निवर्तला. अशा रीतीने या मार्गाच्या दोन्ही टोकांना मराठी नावे आहेत आणि दोन्हीकडे ती सत्ता लयाला गेली आहे.

गौरीबिदनूरजवळचे विदुराश्वत्थ हे तीर्थक्षेत्र. म्हैसूर संस्थानात राष्ट्रीय ध्वज फडकविण्यास बंदी असताना २५ एप्रिल १९३८ रोजी तेथे जमलेल्या सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला. अनेक ग्रामस्थांनी प्राण गमावले. ‘दक्षिणेचे जालियनवाला बाग’ म्हणून ते स्थान आज ओळखले जाते. या घटनेनंतर सरदार पटेल व दिवाण मिर्झा इस्माईल यांच्यात समझोता झाला आणि संस्थानच्या ध्वजासोबत काँग्रेसचा ध्वज लावण्यास मान्यता मिळाली.

तथापि शिक्षिकेच्या दृष्टीने या वाटेवरील सर्वांत मोलाची घटना १९३५ ची आहे. गौरीबिदनूरजवळच्या होसूर गावचा एक निर्धन विद्यार्थी, गाडीभाड्यास पैसे नसल्याने, सुमारे ७५-८० किलोमीटर पायी चालत बेंगळुरूच्या नॅशनल हायस्कूलमध्ये शिकण्यासाठी आला. तो मुलगा म्हणजे डॉ. एच. नरसिंहय्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी शिक्षण सोडून तुरुंगवास पत्करला. त्यातील काही काळ ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. पुढे ते नॅशनल कॉलेजचे प्राचार्य आणि बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्याला जी पायपीट करावी लागली ती पुढच्या मुलांना करावी लागू नये, म्हणून गौरीबिदनूरसारख्या गावांत शाळा-महाविद्यालये उभारण्यासाठी ते झटले. आत्मचरित्राला त्यांनी ‘होराटद हादी’, म्हणजे ‘संघर्षाची वाट’, असे नाव दिले.

भोसल्यांची जहागीर येथे जेमतेम अर्धशतक टिकली. आपल्या शाळेने मात्र कोणत्याही सनदेवाचून, केवळ पालकांच्या वर्गणीवर व शिक्षकांच्या निष्ठेवर, हीरकमहोत्सव गाठला. सत्तेपेक्षा विद्या अधिक टिकते, याचा याहून जवळचा पुरावा कोणता द्यावा? कन्नड भूमीवर मराठी शिकणाऱ्या आपल्या मुलांना आपण येथे ना उपरे आहोत, ना धनी, हे उमजणे अगत्याचे आहे. शहाजीराजे त्यांचे आहेत, तसेच केंपेगौडा आणि नरसिंहय्याही त्यांचेच आहेत. म्हणून येत्या वर्षापासून आठवीची इतिहास-सहल याच मार्गाने न्यावी, असा माझा आग्रह आहे. पाठ्यपुस्तकातील सनावळ्या मुले विसरतील. पण त्यांच्याच वयाचा एक मुलगा शाळेसाठी या वाटेने चालत आला होता, हे ती विसरणार नाहीत.