तुकड्यावरून मासा

मासा अख्खा असतो तोवर जाणत्याचे डोळे पुरतात. खवले, कल्ले, परांचे काटे सगळं समोर असतं. डोकं-शेपूट उडवून, कातडी सोलून तुकडे केले की ती ओळख संपते, आणि स्वस्त मासा महागाच्या नावाने खपवायची वाट मोकळी होते.

प्रयोगशाळांनी आधी प्रथिनांचा माग काढला. पण शिजवलं की प्रथिनं बिघडतात. डीएनए उष्णतेने तुटला, तरी त्याचे वाचता येण्याजोगे तुकडे उरतात. १९९१-९२ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या बार्टलेट आणि डेव्हिडसन यांनी सायटोक्रोम-बी हे जनुक वाचून ट्यूनाच्या जाती ओळखायची रीत मांडली. २००३ साली ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांनी सगळ्याच प्राण्यांसाठी एक ठरावीक जागा सुचवली: सीओआय जनुकातला सुमारे ६५० अक्षरांचा पट्टा. त्यांचा मुख्य पडताळा पतंगांवरचा होता. दोनच वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्ट वॉर्ड यांच्या गटाने माशांच्या २०७ जाती तशाच वाचल्या.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती यंत्रामागची नोंदवही. ताटातल्या तुकड्याची अक्षरं वाचली, तरी ती जुळवायची कशाशी? त्यासाठी कुणीतरी आधी अख्खा मासा हाती घेऊन, परांचे काटे मोजून त्याला नाव दिलेलं असावं लागतं आणि तो मासा संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. ते नाव चुकलं, तर त्यावर बेतलेला प्रत्येक निकाल चुकतो.

२००७ मध्ये शिकागोत दोघांना विषबाधा झाली. मंकफिश म्हणून विकलेला मासा डीएनए तपासणीत पफर निघाला, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या ओळखीचा विषारी केंड. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या दोन शाळकरी मुलींनी दुकानं आणि हॉटेलांतून ६० नमुने जमवले, अल्कोहोलमध्ये घालून ग्वेल्फला धाडले. ज्यांची ओळख पटली, त्यांतल्या सुमारे चौथाई नमुन्यांवरचं नाव खोटं होतं. महागडा 'पांढरा ट्यूना' चक्क तिलापिया निघाला, आपली चिलापी. २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हीच पद्धत स्वीकारली.

लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने भारतीय समुद्रातल्या माशांच्याही अशा नोंदी केल्या. त्यांत रावस, घोळ आणि सुरमई यांची कुळं आहेत. ट्यूनाच्या काही सख्ख्या जाती मात्र एवढ्या पट्ट्यावरून नीट सुटत नाहीत. तिथे डीएनएचा आणखी एखादा भाग वाचावा लागतो.