पाऊस कुणी अडवला?

पाऊस लांबला की माणदेशात पहिला सवाल निघतो, कुणाचं पाप आडवं आलं? मग देवीला कोंबडं, बकरं, आणि पोतराजानं आसूड ओढायचा तो स्वतःच्याच पाठीवर. कोप देवीचा, पाठ आपली. मी पाळी संपल्यावर पुस्तकं धुंडाळली, तर पाऊस अडवणारा गडी भलतीकडंच सापडला: सातासमुद्रापार, पेरू देशाच्या किनाऱ्यावर.

पूर्वी गिरणीतले सगळे साचे एकाच लांब दांड्यावरून पट्ट्यांनी फिरत, असं जुने कामगार सांगतात. एका टोकाला बिघडलं की दुसऱ्या टोकाचा साचा गप्प. आभाळाचंही असंच आहे. प्रशांत महासागरावरचे वारे एरवी ऊन पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडं लोटतात. तिथं हवा वर चढते, ढग होतात. काही वर्षी हे वारे ढिले पडतात, ऊन पाणी पेरूकडं सरकतं, ढगांचा कारखानाही मागोमाग तिकडं जातो. मग आपल्या अंगाला हवा वरून खाली बसते आणि मान्सूनचा दम तुटतो. पेरूच्या कोळ्यांनी या तापल्या पाण्याला नाव दिलं एल निनो, म्हंजे बाळ येशू, कारण ते नाताळाच्या सुमाराला येतं. आता सातारा-सांगलीकडंच बघा. महाबळेश्वराला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच सह्याद्रीच्या पाठीमागं माण, खटाव, आटपाडी, जतला पाचशेच्या आसपास. दम तुटला की पहिला उपास कुणाला, ते सांगायला नको.

1877 ला हा समुद्र भयंकर तापला. दख्खनचा दुष्काळ 1876 लाच लागला होता, त्याला यानं लांबण लावली. त्याच काळात उत्तर चीनमध्ये माणसं भुकेनं मेली, ब्राझीलच्या सिआरा प्रांतात मेली. हिंदुस्थानच्या इंग्रजी मुलखात पन्नास लाखांवर गेली. पण वाऱ्यानं फक्त पाऊस नेला. धान्य माणसांनी नेलं. इथं मढी पडत होती आणि गहू विलायतेला जातच होता. सर रिचर्ड टेंपल साहेबानं दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी ठरवली एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हंजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि वर दिवसभर राबायचं! मुंबई इलाख्यात हजारो उपाशी माणसांनी कामं सोडली. उपाशी माणसाचा संप, ही गोष्ट आम्हां गिरणीवाल्यांना कुणी शाळेत सांगितली नाही. आणि महारा-मांगाचं काय? त्याचं पोट बलुत्यावर. खळ्यावर रासच नाही तर बलुतं कुठलं?

1899 ला पुन्हा तेच, समुद्र तापला, पाऊस बुडाला. इंग्रजांच्या वेधशाळेवर 1904 पासून गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती बसला. त्यानं जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे मांडून दाखवलं की प्रशांत महासागर एका पारड्यात आणि हिंदी महासागर दुसऱ्या. एक चढलं की दुसरं उतरतं. नाव दिलं दक्षिणी आंदोलन. (नावावर जाऊ नका, मोर्चाबिर्चा काही नाही.) तापल्या समुद्राशी त्याची गाठ पक्की बांधली बिर्कनेसनं, 1969 ला. ही गाठ पोलादी मात्र नाही. 1997 ला समुद्र प्रचंड तापला, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला.

पण 1899 च्या दुष्काळाचा एक धागा सरळ आपल्या घरात येतो. दुष्काळग्रस्तांना काम म्हणून सरकारनं खटाव तालुक्यात तळं खोदायला काढलं. तिथं खजिनदार होते रामजीबाबा. 1901 च्या सुमाराला त्यांना भेटायला साताऱ्याहून चार पोरं निघाली, त्यातला एक भीम. मसूर स्टेशनला उतरली. महाराची पोरं म्हटल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं दिलं तेव्हा मिळाला, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं. डब्यात जेवण भरपूर होतं, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर मागितलं, मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. मला त्यात दिसतं ते असं: तळं दुष्काळासाठी खणलं जात होतं, आणि खजिनदाराच्या पोराला घोटभर पाणी नव्हतं. पेरूचा वारा मसूरच्या वाटेवरची घागर कशी अडवील?

1972 ला पुन्हा समुद्र तापला. पेरूच्या कोळ्यांची मासळी बुडाली, आपली ज्वारी बुडाली. तासगावच्या विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर गेली, म्हणून माणसं जगली. हे मान्य केलंच पाहिजे. माझी आजी तेव्हा खडी फोडायला होती. ती सांगते, मजुरी सगळ्यांना एकच, लाल मिलोची भाकर एकच. पण कामावर पाण्याचे डेरे दोन. आपल्या बायांच्या ओंजळीत वरून ओतायचे. त्याच साली बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' घेऊन गावं पालथी घालायला सुरुवात केली.