कोड 93 : आईच्या मशीनचा हिशोब

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय. आजची गोष्ट टिटवाळ्यात आमच्या घरात सुरू होते, अमेरिका आणि कोलकाता फिरून परत घरीच येते.

झालं असं, की गेल्या महिन्यात मी आईचं पायमशीन विकायला काढलं. वन बीएचके घर, त्यात माझं वर्क फ्रॉम होम, टेबलाला जागाच नाही. फोटो काढले, जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'चालू स्थितीत, फारसा वापर नाही.' आईने ते वाचलं आणि म्हणाली, "फारसा वापर नाही? तुझे पहिली ते सातवीचे युनिफॉर्म कुणी शिवले रे मग?"

मी गप्प. आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी मी सरकारचा रोजगाराचा डेटा उघडून बसलो होतो. 2017 पासून देशात पीएलएफएस नावाचा सर्व्हे होतो. त्यात प्रत्येक माणसाच्या कामाला एक कोड असतो. मी महिन्याच्या पगारावर, म्हणजे कोड 31. फक्त घरकाम करणारी बाई, कोड 92. त्याच्या खाली होता कोड 93 : घरकाम, आणि शिवाय घरच्या वापरासाठी सरपण-चारा गोळा करणं, शिवणकाम, विणकाम वगैरे. म्हटलं, अरे, ही तर आमची आई! पण 92 काय आणि 93 काय, दोन्ही 'श्रमशक्तीच्या बाहेर'. तिथून मी या विषयाच्या मागे लागलो.

आता जरा मागे जाऊया. आपल्याकडे साडी, धोतर, उपरणं, सगळं न शिवलेलं कापड. शिवणं हा शिंप्याचा धंदा, संत नामदेव त्याच समाजातले. पण घरात बायका सुई-दोरा चालवायच्याच, आणि तो मुख्यतः लेकरांसाठी. बाळ येणार म्हटलं की अंगडं-टोपडं, झबलं, दुपटं, बारशाला कुंची. जुनी नऊवारी धुऊन धुऊन मऊ झाली की तिचे थर लावून धावदोऱ्याने गोधडी. गोधडी विकत आणत नसत, साठलेल्या लुगड्यांतून ती घरातच तयार व्हायची.

मग आलं मशीन. अमेरिकेत 1846 मध्ये इलायस होवे यांनी पेटंट घेतलं आणि 1851 मध्ये आयझॅक सिंगर यांनी. तिकडच्या एका मशीन कंपनीने तेव्हा हिशोब छापला होता : पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला 14 तासांच्या वर, मशीनवर साधारण सव्वा तास. जाहिरातच ती, थोडं मीठ-मसाला असणार. पण फरक मोठा होता हे नक्की. मशीन महाग, म्हणून सिंगर कंपनीने 1856 मध्ये हप्त्यांवर विक्री सुरू केली. म्हणजे आपण फोन घेताना जो ईएमआय भरतो ना, त्याचं एक मूळ शिलाई मशीनमध्ये आहे.

1870 च्या दशकात सिंगर भारतात आली. तिचा इथला कारभार अनेक वर्षं सांभाळला नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटने. सुरुवातीला मशीन घेतलं ते शिंप्यांनी, पुरुषांनी. घरातल्या बाईपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. कारण मशीन घेतलं तरी शिकवणार कोण?

इथे रमाबाई रानडे येतात. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. विधवा आणि गरजू बायकांना लिहिणं-वाचणं, नर्सिंग आणि शिवण शिकवणं हे तिथलं काम. यात एक गोष्ट नीट बघा. शिवण शिकवण्यामागे 'मुलीला घरकाम आलं पाहिजे' एवढंच नव्हतं. हातात कला असली की चार पैसे मिळतील आणि कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही, हाही विचार होता. पुढे गल्लोगल्ली निघालेल्या शिवणक्लासमागे हेच दोन हेतू एकत्र दिसतात.

गांधीजींचंही इथे नाव येतं. यंत्रांवर टीका करणारे गांधीजी 1924 मध्ये एका मुलाखतीत म्हणाले, की सिंगरचं मशीन याला अपवाद. त्यांच्या मते बायकोचे कष्ट बघून सिंगरने ते बनवलं, त्यामागे प्रेम होतं. गोष्ट छान आहे, पण खरे सिंगरसाहेब वेगळे होते. आधी नाटकात नट, अनेक बायकांशी संसार आणि एकूण 24 मुलं! बायको शिवणकाम करून घर चालवतेय आणि नवरा मशीनवर खटपट करतोय, ही गोष्ट खरं तर होवे यांच्याबद्दल सांगतात. पण गांधीजींचा मुद्दा पक्का होता : यंत्र माणसाचे कष्ट कमी करतं का, हे बघा.

देशी मशीन आलं 1930 च्या दशकात. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ते बनवलं आणि लाला श्रीराम यांच्या मुलीच्या नावावरून नाव दिलं, उषा. आमच्या घरातलंही तेच.

ते आमच्याकडे आलं कसं? आजोबा लालबागला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पगार बंद. आजीने पाटल्या मोडून मशीन घेतलं आणि चाळीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर शिवायला लागली. पुढे मुंबई परवडेना म्हणून कुटुंब टिटवाळ्याला आलं, मशीनही आलं, आणि आजीकडून ते आईकडे आलं.

आई कापड आणायची उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून. शहाडला उतरायचं, पुढे रिक्षा. युनिफॉर्म शिवताना आत भरपूर माया ठेवायची. माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. मी उंच झालो की टीप उसवायची, पुन्हा मारायची, अजून एक वर्ष निघायचं. सातवीनंतर तेवढीच चड्डी ताईच्या दप्तराची पिशवी झाली.

आता परत कोडकडे. आजीने शेजारणीचा ब्लाउज पैसे घेऊन शिवला, तर ती कोड 11, स्वतःचा धंदा करणारी कामगार. आईने त्याच मशीनवर माझा शर्ट शिवला, तर कोड 93, कामगार नाही. बरं, शेतकरी बाईने घरी खायला भात पिकवला तर ते या सर्व्हेत काम धरतात. घरी घालायला शर्ट शिवला तर नाही. आणि यूएनच्या 1993 च्या नियमांत तर घरच्यासाठी कपडे शिवणं हेही उत्पादन आहे!

2019 मध्ये सरकारने वेळेचा सर्व्हे केला. पहाटे 4 पासून 24 तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. त्यात निघालं, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषाची 97. यातही गंमत अशी, की नवं झबलं शिवलं तर एक रकाना, फाटलेलं शिवलं तर दुसरा.

मी कोडवाला माणूस, मला माहितीय की डेटाला रकाने लागतातच. रकाना चुकला म्हणून कुणी वाईट ठरत नाही. पण 'फारसा वापर नाही' हे मी लिहिलं होतं, सर्व्हेने नाही. तीस वर्षं चाललेलं मशीन माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मला ते दिसलं नाही, कारण त्याचं बिल कधी आलंच नाही.

मी आईला विचारलं, "रोज किती तास शिवायचीस गं?" ती म्हणाली, "कोण मोजत बसलंय? तुम्ही झोपलात की बसायचे."

जाहिरात काढून टाकलीय. ताईला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे, त्यामुळे मशीन सध्या कुंचीसाठी बुक आहे. लॅपटॉप मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून काम करतोय, आणि आई म्हणते, दुपारी बारापर्यंत तोही रिकामा कर.

तुम्ही एक करा. आज घरी गेल्यावर आईला, आजीला किंवा मावशीला विचारा, माझ्यासाठी पहिलं काय शिवलं होतंस? उत्तर व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि हो, किती तास लागले तेही विचारा. त्या मोजत नसतील, तर निदान आपण मोजू.

भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या!