बोलोन्याचे परस्थ विद्यार्थी

विद्येसाठी परमुलखात गेलेल्या तरुणांच्या परस्परस्नेहाविषयी पुष्कळ हळवे लिहिले गेले आहे. परंतु इटलीतील बोलोन्या नगरीचा मध्ययुगीन इतिहास पाहू जाता त्या स्नेहाच्या मुळाशी प्रेमापेक्षा जप्तीची धास्ती अधिक होती, असे म्हणणे भाग पडते. रोमन कायद्याच्या अध्ययनासाठी बाराव्या शतकात आल्प्स ओलांडून तरुणांचे जथे तेथे येऊ लागले, तेव्हा तिकडील रिवाज असा होता की, एखाद्या परदेशी व्यापाऱ्याने सावकाराची रक्कम बुडविली तर ती त्याच्या हाती लागेल त्या देशबांधवाकडून वसूल करावी. म्हणजे ज्याचे तोंडही कधी पाहिले नाही अशा इसमाच्या ऋणापायी एखाद्या निष्कांचन विद्यार्थ्याची चीजवस्तू जावयाची. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने ११५५ ते ११५८ च्या दरम्यान खास फर्मान काढून ही वसुली मना केली, घेतलेल्या ऐवजाची चौपट भरपाई ठरविली, आणि विद्यार्थ्यावरील फिर्याद त्याच्या गुरूपुढे अथवा बिशपापुढे चालविण्याची मुभा दिली.

तथापि फर्मान काढणारा बादशहा आल्प्सपलीकडे आणि तगादा लावणारा सावकार दारात, अशा स्थितीत परस्थांनी आपापल्या देशवार मंडळ्या उभारल्या, यात नवल नाही. पर्वताच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे त्यांचे दोन मोठे संघ झाले. त्यांचा प्रमुख विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई. आणि खुद्द बोलोन्याच्या पुत्रांना, नगराचा कायदा त्यांच्या पाठीशी होताच म्हणून, तेथे मताचा अधिकार नसे. अध्यापकांचा चरितार्थ विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चाले. त्यामुळे व्याख्यानास उशीर केला, घंटेनंतर ते लांबविले, तर गुरुजींना दंड होई. नगराबाहेर जाताना परत येण्याबद्दल अनामत ठेवावी लागे. आणि श्रोते पाचांहून कमी जमले तर गुरुजीच गैरहजर समजले जात. (हे कलम आजच्या विद्यार्थ्यांच्या कानी न गेलेलेच बरे.) नगराशी बिनसले तर विद्यार्थ्यांचा उपाय एकच, पण रामबाण: सर्वांनी मिळून उठून जाणे. १२२२ साली असेच काही गुरुशिष्य पाडुआस गेले आणि तेथे विद्यापीठ उभे राहिले. १३२१ साली स्त्रीच्या अपहरणाबद्दल एका विद्यार्थ्यास देहदंड झाला, तेव्हा अनेकांनी सिएनाची वाट धरली. त्या विद्यार्थ्याचा अपराध लहान नव्हता, आणि येथे संघाची एकजूट न्यायाच्या आड आली असे माझे मत आहे. घरमालक, खानावळवाले, ग्रंथांच्या नकला उतरविणारे लेखनिक यांच्या पोटावर मात्र अशा प्रस्थानाचा पाय पडे, म्हणूनच नगर नमते घेई.

पुढे नगराने अध्यापकांना आपल्या खजिन्यातून वेतन देण्यास प्रारंभ केला, आणि ज्याचे वेतन त्याचा हुकूम या न्यायाने विद्यार्थ्यांचा वचक ओसरत गेला. मंडळ्या मात्र टिकल्या. जर्मन मंडळीच्या नियमांत आजाऱ्याची शुश्रूषा, गरजूस साहाय्य, परदेशी मृत्यू आलेल्या सोबत्याची अंत्ययात्रा, आणि पदवीच्या परीक्षेस निघालेल्याची मिरवणूक ही कर्तव्ये नमूद आहेत. १२८९ पासूनच्या तिच्या हिशेबांत मेणबत्त्यांबरोबर मद्याचाही खर्च पडलेला दिसतो. १४९६ साली पोलंडहून आलेल्या निकोलस कोपर्निकसचे नावही या मंडळीच्या दप्तरात आहे. तो आला होता धर्मपीठाचा कायदा शिकावयास. पण ज्योतिर्विद नोवारा याच्याशी त्याचे सख्य जमले, आणि ९ मार्च १४९७ रोजी चंद्राने रोहिणीचा तारा झाकल्याचे त्याने बोलोन्यातून टिपले. कायद्याची पदवी त्याने अखेर १५०३ साली घेतली, तीही फेरारा येथे.