चाल दिसण्यापूर्वी ओळखण्याची विद्या

सुरतेचा हरमीत देसाई गोमंतकीय क्रीडारसिकांना परका नाही. अल्टिमेट टेबल टेनिस लीगमध्ये गोवा चॅलेंजर्सने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळविली. दोन्ही वेळा तो संघात होता. त्याच शहरातून मानव ठक्कर पुढे आला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोघे भारताच्या पुरुष संघातून खेळले. त्यांच्या खेळाचे टेबल २.७४ मीटर लांब असते. सेकंदाला वीस मीटर वेगाने आलेला चेंडू ते अंतर सुमारे ०.१४ सेकंदात कापतो. डोळ्यांना दिसल्यापासून हात हलेपर्यंत मात्र माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. टेबलापासून मागे सरकून थोडा अवधी मिळविता येतो, पण तो पुरेसा नसतो. म्हणून फटका ठरतो तो चेंडू निघण्यापूर्वी, प्रतिस्पर्ध्याचा खांदा, मनगट आणि त्याच्या सवयी पाहून.

हीच अडचण पडद्यावरील द्वंद्वाच्या खेळांत, म्हणजे ‘स्ट्रीट फायटर’ किंवा ‘टेकन’सारख्या फायटिंग गेममध्ये, अधिक उघडी दिसते. दोन खेळाडू, दोन योद्धे. ज्याची शक्तिरेषा आधी संपेल तो हरला. पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते आणि त्या एकेका चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. चपळ ठोसा चार-पाच फ्रेममध्ये, म्हणजे सुमारे ०.०८ सेकंदात पोहोचतो. तो पाहून अडविणे कोणालाही शक्य नाही. जो अडवितो, त्याने तो येणार हे आधीच गृहीत धरलेले असते.

किती माहिती प्रतिस्पर्ध्याला मिळू द्यावी, यावर टेबल टेनिसमध्ये मोठा खल झाला आहे. पूर्वी बॅटच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाचे, पण वेगळ्या गुणधर्माचे रबर लावून खेळताना बॅट हळूच फिरविली जाई. समोरच्याला फिरकी कळतच नसे. १९८० च्या दशकात दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे झाले. २००२ मध्ये सर्व्हिस करताना चेंडू शरीराआड लपविण्यास बंदी आली. फायटिंग गेममध्ये असा वाद उद्भवत नाही. दोघांसमोर एकच चित्र असते. लपलेला असतो तो फक्त हेतू.

या खेळाचा गाभा दगड-कागद-कात्रीसारखा आहे. बचावाने प्रहार अडतो, पकडीने बचाव फुटतो आणि प्रहाराने पकड मोडते. फरक इतकाच की इथे प्रत्येक निवडीचे मोल वेगळे असते. समजा, प्रहार लागला तर ३०० गुणांची इजा होते, पकड लागली तर १०० ची. समोरच्याला एका वेळी एकच गोष्ट करता येते : प्रहार अडविणे किंवा पकड सोडविणे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या सिद्धान्तानुसार हे गणित सोडविले, तर उत्तर चकित करणारे येते. आक्रमकाने चारपैकी एकदाच प्रहार करावा आणि तीनदा पकड. बचाव करणाऱ्याने चारपैकी तीनदा प्रहार अडविण्याच्या तयारीत राहावे. मग कोणी काहीही बदलले, तरी दर प्रयत्नामागे सरासरी इजा ७५ च राहते. मोठ्या प्रहाराचे काम मुख्यतः धाक घालण्याचे, कमाई पकडीची.

पण माणसाला असे निर्हेतुक मिश्रण जमत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेव्हिड हॅगेलबार्गर आणि क्लॉड शॅनन यांनी एकी-बेकीच्या धर्तीचा खेळ खेळणारी यंत्रे बनविली. जिंकल्यावर किंवा हरल्यावर माणूस तीच निवड पुन्हा करतो की बदलतो, एवढेच ती टिपून ठेवत. तरीही माणसांविरुद्ध निम्म्याहून अधिक वेळा जिंकत. चांगला खेळाडू नेमके हेच करतो. प्रतिस्पर्धी खाली पडून उठताना पहिल्यांदा काय करतो? कोपऱ्यात अडकला की उडी मारतो का? एकदा फसल्यावर तोच डाव पुन्हा खेळतो का? पहिल्या फेरीतील अशी उत्तरे शेवटच्या फेरीत उपयोगी पडतात.

यासाठी मन मोकळे लागते. स्वतःच्या बोटांकडे लक्ष असलेल्या नवशिक्याला समोरचा दिसतच नाही. म्हणून आधी मोजके डाव हाताला इतके बसवावे लागतात की त्यांचा विचार करावा लागू नये. त्यानंतर सराव-विभागात एखादी चाल ध्वनिमुद्रणासारखी साठवून ती पुनःपुन्हा अडविणे, हरलेले सामने पुन्हा पाहणे आणि कोणत्या चालीला किती फ्रेम लागतात ते पाठ करणे ही कंटाळवाणी कामे येतात. पाठांतराचा लाभ हा की अशक्य पर्याय गळून जातात आणि अंदाज दहांऐवजी दोन-तीन गोष्टींतून बांधावा लागतो.

२००४ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘ईव्हो’ स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगचे पंधरा आघात एकामागून एक परतवून सामना फिरविला, ते दृश्य आजही पाहिले जाते. त्यातील पहिला आघात परतविण्याची कळ तो दिसण्यापूर्वीच दाबावी लागत होती. वाँग तो डाव टाकणार, हे दाइगोने ओळखले होते. अंतिम फेरीत मात्र तो हरला, हे फारसे कोणी सांगत नाही.

अनोळखी असण्याचाही लाभ होतो. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये ‘टेकन ७’ च्या जपान व अमेरिका येथील दोन्ही ‘ईव्हो’ स्पर्धा जिंकल्या, तेव्हा त्याच्या सवयी जगाला ठाऊक नव्हत्या. त्याच वर्षी कोरियाचा नामांकित ‘नी’ लाहोरला जाऊन तिथल्या खेळाडूंशी खेळून आला.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ५’ ला प्रथमच पदक ठेवले गेले. भारताकडून मयांक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले. सुवर्ण जिंकले दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वयाच्या ४४ व्या वर्षी. निव्वळ बोटांच्या चपळाईवर विसंबले असते तर या वयात ते अवघडच होते. घरी एकट्याने, ऑनलाइन सरावावर अवलंबून असलेल्या मुलांपुढे मात्र वेगळीच अडचण असते. जोडणीत ०.१ सेकंदाचा विलंब आला तरी सहा फ्रेम जातात, आणि दूरच्या खेळाडूविषयी बांधलेला अंदाज शेजारी बसलेल्यापुढे चुकतो.