ओकलंडचे पँथर : गस्त, न्याहारी आणि शाळा

१९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा संघटनेचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेण्यात आले, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. पुढील वर्षीच्या जाहीरनाम्यातही तेथील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते सांगितलेले आहे. या नात्याची मुळे मात्र त्याहून जुनी आहेत. जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतील निग्रो समाजाच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली. डु बॉइस यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर धाडले. तेव्हा दलित पँथरने घेतलेले नाव ही केवळ तरुणांची हौस होती, असे म्हणता येणार नाही.

तथापि त्या नावाबरोबर जे चित्र आपल्याकडे आले, ते अपुरे होते, असे आमचे मत आहे. काळे जाकीट, तिरकी टोपी, हातात बंदूक आणि ओठांवर जळजळीत शब्द, एवढेच त्या चित्रात होते. हे चित्र खोटे नव्हे. परंतु कॅलिफोर्नियातील ज्या ओकलंड शहरात हा पक्ष जन्मला, तेथे त्याची उघड सशस्त्र गस्त जेमतेम काही महिने चालली, आणि त्याने सुरू केलेली शाळा मात्र १९८२ पर्यंत टिकली. पक्षाचा हा दुसरा भाग आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याकडेच लक्ष वेधू इच्छितो.

ओकलंड हे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेकडील काठावर वसलेले बंदराचे शहर. दुसऱ्या महायुद्धात तेथील जहाजबांधणीच्या कारखान्यांना मजूर हवे होते, म्हणून लुइझियाना, टेक्सास यांसारख्या दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे येऊन स्थिरावली. युद्ध संपले, कारखाने बंद पडले आणि माणसे तेथेच राहिली. चांगल्या वस्तीत त्यांना घर मिळेना. त्यांच्या वस्त्यांतून मोठमोठे महामार्ग नेण्यात आले. पोलीस दल जवळजवळ संपूर्ण गोरे होते. शासनसंस्थेचा या वस्त्यांशी येणारा रोजचा संबंध म्हणजे हे पोलीस. गावची चावडी आणि महारवाडा यांचे नाते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अर्थ समजावून देण्याची गरज नाही.

ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी पक्ष स्थापन केला. दोघेही मेरिट महाविद्यालयातील. दोघांचीही कुटुंबे दक्षिणेतून आलेली. त्यांनी दहा कलमांचा कार्यक्रम लिहिला. त्यातील सातवे कलम पोलिसांच्या अत्याचाराविरुद्ध होते. परंतु त्याच्या आधी रोजगार, घरे आणि शिक्षण यांची कलमे आहेत, हे बारकाईने वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. प्रारंभी मात्र सातव्या कलमावरच भर राहिला. न्यूटन कायद्याचे पुस्तक जवळ बाळगी. कायद्याने जेवढे अंतर राखावयास सांगितले आहे तेवढ्या अंतरावर उभे राहून, कायद्याने परवानगी दिलेली बंदूक उघडपणे हाती घेऊन, पोलीस एखाद्या कृष्णवर्णीयास अडवीत असतील तर ते काय करतात हे पाहावयाचे, अशी ही गस्त होती. राज्याच्या विधानसभेने १९६७ मध्ये हा कायदाच बदलला आणि तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. बंदूक बाळगण्याच्या हक्काचा एरव्ही मोठा बडेजाव मिरविणाऱ्या मंडळींनी या प्रसंगी दाखविलेली तत्परता मनोरंजक आहे.

याच काळातील एक लहानसा प्रसंग आम्हांस अधिक बोलका वाटतो. उत्तर ओकलंडमध्ये मार्केट स्ट्रीट आणि पंचावन्नावा रस्ता जेथे मिळतात तेथे शाळेची मुले वाहनांखाली सापडत. वस्तीने रहदारीच्या दिव्याची मागणी केली. नगरपालिकेने सावकाश पाहू असे धोरण ठेवले. तेव्हा पँथर कार्यकर्ते स्वतः चौकात उभे राहून मुलांना रस्ता ओलांडून देऊ लागले. ऑगस्ट १९६७ मध्ये तेथे दिवा बसला. मुलांचे संरक्षण हा शब्द पोलीस खात्याच्या कक्षेबाहेर काढून वस्तीने आपल्या हाती घेतल्याचे हे पहिले उदाहरण होय.

जानेवारी १९६९ मध्ये सेंट ऑगस्टिन या चर्चच्या सभागृहात न्याहारीचा उपक्रम सुरू झाला. तेथील धर्मोपदेशक अर्ल नील यांनी जागा दिली. रूथ बेकफर्ड या नृत्यशिक्षिकेने स्वयंपाकाची घडी बसविण्यास साहाय्य केले. पहिल्या दिवशी ११ मुले आली, आठवडा संपता संपता १३५. शाळेत उपाशीपोटी जाणारे मूल शिकू शकत नाही, ही साधी गोष्ट. परंतु ती करावयाची म्हणजे पहाटे उठून अंडी फोडावी लागतात, दूध आणावे लागते, दुकानदारांकडे जाऊन देणग्या मागाव्या लागतात, भांडी घासावी लागतात, आणि हे सर्व दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे लागते. वस्तीतील आया या कामात आल्या. पक्षातील स्त्रियांनी तर हे काम उचलून धरलेच. १९७० च्या दशकाच्या आरंभी पक्षाच्या सभासदांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली होती. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत निरनिराळ्या शहरांतून सुमारे २० हजार मुलांना न्याहारी मिळू लागल्याचे पक्षाने सांगितले.

आणि येथेच एक विलक्षण गोष्ट घडते. अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर खात्याचे, म्हणजे एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी १९६९ मध्ये हा पक्ष देशाच्या अंतर्गत सुरक्षेस सर्वांत मोठा धोका असल्याचे जाहीर केले; आणि त्याच वर्षी आपल्या खात्यास पाठविलेल्या गोपनीय टिपणात मुलांच्या न्याहारीचा उपक्रम पक्षाचा नायनाट करण्याच्या कामात फार मोठा अडथळा असल्याचे बजावले. कारण उघड आहे. बंदूकधाऱ्याची भीती घालता येते. परंतु ज्याने आपल्या मुलाला जेवू घातले त्याच्याविषयी आईला भीती कशी घालणार? ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोच्या पोलिसांनी फ्रेड हॅम्टन यास त्याच्या घरात ठार मारले. त्याच्यासमवेत मार्क क्लार्क मारला गेला. हॅम्टन अवघा २१ वर्षांचा होता, आणि त्याने शिकागोत न्याहारी आणि दवाखाना या दोहोंच्या कामाला गती दिली होती. एफबीआयने पक्षात फूट पाडण्यासाठी खोटी पत्रे लिहिली, खबरे पेरले. हे सारे पुढे १९७६ मध्ये अमेरिकन सिनेटच्या चौकशी समितीच्या अहवालात अधिकृतपणे नोंदले गेले.

दण्डाने चोर संपत नाहीत आणि पोट भरल्याने संपतात, हा विचार आमच्या वाचकांस अपरिचित नाही. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजा महाविजित यास त्याचा पुरोहित सांगतो, की चोरांना ठार मारून, बांधून वा हद्दपार करून राज्यातील उपद्रव मिटणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेती आणि गोपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व अन्न द्यावे, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवकांना वेतन द्यावे. मग लोक आपापल्या कामात गुंततील आणि घराची दारे उघडी टाकून राहतील. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात हीच साखळी उलट बाजूने येते : निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्याने चोरी, चोरीने शस्त्र, शस्त्राने हत्या. ओकलंडच्या तरुणांनी ही सुत्ते वाचली होती असे आम्हांस सुचवावयाचे नाही. ते आपल्या वस्तीत जे पाहत होते त्यावरून ते त्याच निष्कर्षास पोहोचले, एवढेच.

न्याहारीपाठोपाठ मोफत दवाखाने आले. १९७१ पासून पक्षाने सिकल सेल रक्तदोषाची तपासणी मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. विदर्भातील आमच्या वाचकांना या रोगाची ओळख करून द्यावी लागणार नाही; आपल्या समाजातील कितीतरी घरांना तो ठाऊक आहे. अमेरिकेत तो प्रामुख्याने कृष्णवर्णीयांत आढळतो, म्हणून वैद्यकीय संशोधनाने त्याच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. पँथरचे स्वयंसेवक बोटातून रक्ताचा थेंब घेऊन वस्त्यांतून आणि उद्यानांतून तपासणी करू लागले, आणि १९७२ मध्ये या रोगाच्या नियंत्रणासाठी केंद्रीय कायदा झाला. आपल्याकडे यासाठी राष्ट्रीय अभियान सुरू होण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

वृद्धांसाठीचा उपक्रम आम्हांस या सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निवृत्तिवेतनाचा धनादेश वटवून परतणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वाटेत लुबाडले जाई. लुबाडणारे बहुधा त्याच वस्तीतील तरुण असत, ही गोष्ट दडविण्याचे कारण नाही. पोलिसांकडून दिलासा न मिळाल्याने वृद्धांनी पक्षाकडे धाव घेतली. पक्षाने त्यांना वाहनाने बँकेत नेण्याआणण्याची व्यवस्था केली. गुन्हा घडल्यावर कोणास पकडावे हा प्रश्न येथे बाजूस राहिला. तो घडूच नये म्हणून सोबत कोणी जावे, एवढेच ठरवावयाचे होते.

पूर्व ओकलंडमधील ओकलंड कम्युनिटी स्कूल ही या कामाची परिणती म्हणता येईल. १९७३ पासून एरिका हगिन्स तिच्या प्रमुख होत्या. त्या स्वतः १९६९ ते १९७१ या काळात तुरुंगात होत्या. त्यांच्यावरील खटला अखेर रद्द झाला. एकान्त कोठडीत त्यांनी ध्यानाचा अभ्यास सुरू केला, आणि पुढे शाळेतील मुलांनाही दररोज काही वेळ स्वस्थ बसून ध्यान करावयास शिकविले. सुमारे दीडशे मुले तेथे शिकत, तिन्ही वेळचे अन्न तेथेच घेत. छडी नव्हती. एखाद्या मुलाने आगळीक केली तर मुलांचेच मंडळ बसून त्याचा विचार करी. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने या शाळेचा गौरव केला.

पक्षाचा शेवट मात्र खेदजनक झाला. न्यूटन व्यसनाधीन झाले. पक्षांतर्गत मारहाण आणि पैशाची अफरातफर यांचे आरोप झाले, आणि ते सर्वच खोटे होते असे म्हणण्यास आधार नाही. स्त्रियांनी काम करावे आणि पुरुषांनी हुकूम सोडावेत, ही वृत्तीही तेथे होतीच. एफबीआयने पक्ष मोडला हे खरे. पण तो केवळ बाहेरच्यांनीच मोडला, हे म्हणणे आत्मवंचनेचे ठरेल.

आता आपल्याकडे वळू. दलित पँथरच्या तरुणांनी अत्याचारग्रस्त गावांत धाव घेतली, आणि पोलिसांच्या लाठ्या अंगावर झेलल्या. जानेवारी १९७४ मधील वरळीच्या दंगलीत आणि त्यानंतरच्या मोर्चात भागवत जाधव यांचे बलिदान झाले. त्या पिढीचे ऋण आम्ही मानतो. पण १९७७ मध्ये संघटना बरखास्त झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा वस्तीत मागे उभी राहील अशी शाळा, दवाखाना वा भोजनगृह तिच्या नावावर नव्हते. निधी नव्हता, वेळ मिळाला नाही, हे मान्य. तरीही बाबासाहेबांचा मार्ग या बाबतीत निराळा होता, हे नमूद केले पाहिजे. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ मध्ये तिने सोलापुरास विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. महाडचा सत्याग्रह त्यानंतर, १९२७ मध्ये. हा क्रम आकस्मिक नाही. ओकलंडच्या पँथरांना गस्तीपासून शाळेपर्यंत यावे लागले. आपल्या चळवळीचा आरंभच वसतिगृहापासून झाला होता.

ओकलंडची गोष्ट मात्र १९८२ ला संपत नाही. तेथील शाळा-मंडळाचे स्वतःचे पोलीस दल होते. जानेवारी २०११ मध्ये या दलाच्या एका अधिकाऱ्याने २० वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणास गोळी घालून ठार केले. 'ब्लॅक ऑर्गनायझिंग प्रोजेक्ट' ही संघटना त्यापूर्वी दोन वर्षे, २००९ पासून, वस्त्यांतून काम करीत होती. तिने पोलीस दल शाळांतून काढण्याची मागणी हाती घेतली. तिच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन पालकांच्या बैठका भरविल्या, मुलांच्या अटकांच्या नोंदी मिळविल्या आणि दाखवून दिले, की विद्यार्थिसंख्येत कृष्णवर्णीय मुलांचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असताना अटकांत तो निम्म्याहून कितीतरी अधिक आहे. प्रथम तक्रार नोंदविण्याची रीतसर पद्धत मिळाली. नंतर बरीच वर्षे काहीच मिळाले नाही. बैठका चालू राहिल्या.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली अंत झाला आणि अमेरिकेतील रस्ते माणसांनी भरून गेले. पोलिसांवरील खर्च कमी करून तो घरे, आरोग्य आणि शिक्षण यांकडे वळवावा, ही मागणी तेव्हा कितीतरी शहरांतून पुढे आली. बहुतेक ठिकाणी ती घोषणेच्या पुढे गेली नाही. ओकलंडमध्ये मात्र नऊ वर्षांची तयारी होती, मसुदा तयार होता, पालक तयार होते. २४ जून २०२० रोजी शाळा-मंडळाने एकमताने ते पोलीस दल विसर्जित करण्याचा ठराव संमत केला. मुलांच्या सुरक्षिततेची पर्यायी योजना पालक, विद्यार्थी आणि वस्तीतील संघटना यांना सोबत घेऊन तयार करावी आणि वाचणारा पैसा विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी वापरावा, असे त्या ठरावात होते. एप्रिल २०२२ पासून शहराच्या अग्निशमन खात्याखाली नि:शस्त्र मदतनीसांची पथकेही काम करू लागली. रस्त्यावर कोणी मनोविकाराने वा व्यसनाने त्रस्त असेल, तर पोलिसांऐवजी हे मदतनीस जातात. शहराच्या अंदाजपत्रकात पोलिसांचा वाटा किती असावा, हा वाद मात्र मिटलेला नाही. प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी तो नव्याने उभा राहतो, आणि प्रत्येक वेळी कोणास तरी पुन्हा दारोदार जावे लागते.