रोजची भाकर आणि कायमची आशा : वर्ध्यातील ख्रिस्ती कार्यकर्ते

वर्धा जिल्ह्यात ख्रिस्ती समाजाची संख्या कधीच मोठी नव्हती. तरीही १९३४ नंतरची पंचवीसएक वर्षे ख्रिस्ती श्रद्धेचा एक फार गंभीर शोध याच जिल्ह्यात चालला होता. ख्रिस्ताने दिलेली आशा मरणोत्तर स्वर्गापुरती आहे की उपाशी माणसाच्या आजच्या दिवसालाही ती लागू पडते, हा त्या शोधाचा मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर येथे धर्मपीठावरून फारसे दिले गेले नाही. ते तेलघाणीच्या शेडमध्ये, हातकागदाच्या हौदापाशी आणि गावशाळेच्या ओसरीवर शोधले गेले.

विदर्भात या धर्माच्या प्रसारात स्कॉटिश मिशनचा मोठा वाटा होता. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शिक्षण, भूगर्भशास्त्र आणि गोंडांच्या भाषा-चालीरीतींचा अभ्यास ही त्यांची कामे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी नागपूरपासून वेगळा करून वर्धा जिल्हा बनवण्यात आला होता, आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. पुढे या शहरातही स्कॉटिश फ्री चर्चच्या मिशनचे केंद्र उभे राहिले. शिकण्याची संधी आणि माणूस म्हणून मिळणारी बरोबरीची वागणूक यांमुळे गरीब कुटुंबांना हा धर्म जवळचा वाटे. त्यांच्या दृष्टीने आशेचा पहिला अर्थ हाच होता आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी या धर्माला संतपरंपरेची मराठी वाणी दिली. वर्ध्यात पुढे जे घडले त्याची तऱ्हा वेगळी होती. येथे भक्तीने कामाचे रूप घेतले.

त्याला निमित्त झाले गांधीजींचे वर्ध्यात येणे. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी दिलेल्या जागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले. ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला, राहायला जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्काम याच मगनवाडीत असे. संघाचे काम चालवण्यासाठी त्यांनी ज्या माणसाला निवडले, तो एक निष्ठावान ख्रिस्ती हिशेबतपासनीस होता.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे झाला. लंडनमध्ये चार्टर्ड अकाउंटंटचे शिक्षण, मुंबईत व्यवसाय आणि नंतर अमेरिकेत सिरॅक्यूज व कोलंबिया या विद्यापीठांत अभ्यास, असा त्यांचा मार्ग होता. कोलंबियात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली सरकारी जमाखर्च अभ्यासताना भारताच्या दारिद्र्याची कारणे त्यांना आकड्यांत दिसली. कोट-टाय घालणारा हा तरुण १९२९ मध्ये गांधीजींना साबरमतीला भेटला आणि थोड्याच काळात गुजरातमधील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीला लागला. घराण्याचे जुने कुमारप्पा हे नावही त्यांनी परत घेतले. धर्म मात्र सोडला नाही, आणि गांधीजींनीही तो सोडावा असे कधी सुचवले नाही.

कुमारप्पांचे भांडण ख्रिस्ताशी नव्हते, ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या साम्राज्याशी होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडत असताना चर्च गप्प का, असा जाब त्यांनी कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांना पत्र लिहून विचारला. वैऱ्यावरही प्रेम करायला शिकवणाऱ्या गुरूचे अनुयायी अहिंसक सत्याग्रहाच्या विरोधात कसे उभे राहू शकतात, हा त्यांचा प्रश्न होता. परदेशी मिशनऱ्यांनाही त्यांनी हेच विचारले. त्यांच्या लेखी सत्याग्रह हे ख्रिस्ताच्या शिकवणीचे सार्वजनिक आचरण होते.

मगनवाडीत ही श्रद्धा कामाला लागली. बैलाची तेलघाणी सुधारणे, हातकागद, हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, ताडगूळ, मधमाश्यापालन, साबण, कुंभारकाम अशा उद्योगांवर तेथे प्रयोग चालत आणि गावोगावचे कार्यकर्ते ते शिकून जात. रॉकेलऐवजी वनस्पतितेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा कंदील येथेच घडला. ‘ग्राम उद्योग पत्रिका’ निघे. कुमारप्पांचे बंधू भारतन हेही या कामात होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. कुमारप्पा स्वतः अविवाहित राहिले आणि लहानशा झोपडीत राहत. एका गरीब शेतकऱ्याचे चित्र दाखवून ‘हा माझ्या गुरूचा गुरू’ अशी ओळख ते पाहुण्यांना करून देत. त्यांच्या धर्मश्रद्धेचे मर्म जाणण्यासाठी त्यांच्या ग्रंथांइतकाच हा प्रसंगही महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात सरकार कागदी नोटा छापून खेड्यांतले धान्य व माल उचलत होते. त्यावर कुमारप्पांनी लिहिलेल्या लेखाचे नाव होते ‘भाकरीऐवजी दगड’. मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप त्याला दगड देईल, या ख्रिस्ताच्या प्रश्नातून ते घेतलेले होते. अर्थशास्त्रावरच्या टीकेला बायबलमधून शीर्षक मिळावे, हे त्यांच्या बाबतीत स्वाभाविक होते. याच युद्धकाळात ते जबलपूरच्या तुरुंगात गेले आणि तेथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचरणावर व उपदेशावर, दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे टिकाऊपणाचे अर्थशास्त्र. दोन्ही १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना लाभली.

ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर एकच विचार दोन अंगांनी मांडलेला दिसतो. देवाचे राज्य हे सत्य आणि प्रेम यांवर चालणारे जीवन असून त्याचा आरंभ याच जगात करायचा आहे, ही कुमारप्पांची येशूविषयीची समजूत. रोजची भाकर मागणारी प्रार्थना ‘आम्हांला’ असे म्हणते, म्हणून ती एकट्याच्या ताटापुरती राहत नाही. भाकर सर्वांना मिळेल अशी व्यवस्था उभारणे हा त्या प्रार्थनेचाच भाग ठरतो. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी अर्थव्यवहाराच्या चढत्या पायऱ्या सांगितल्या. परजीवी, लुटारू, उद्यमी, समूहजीवी आणि सर्वांत वरची सेवेची; सेवेच्या पायरीला आईचा दाखला. कोळसा आणि खनिज तेल यांसारख्या साठ्यांवर उभी राहिलेली व्यवस्था टंचाई आणि युद्ध ओढवून घेते, तर लाकूड, वाहते पाणी, जनावरांचे बळ यांसारख्या पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या साधनांवरची व्यवस्था शांततेला पोषक असते, असे त्यांनी बजावले. १९४५ मध्ये हे फार थोड्यांना पटले. माणसाची आशा टिकायची असेल तर ती ज्या साधनांवर उभी आहे ती टिकली पाहिजेत, हा या मांडणीचा गाभा आहे. धर्मविचार आणि अर्थविचार इतके एकजीव झाल्याचे उदाहरण त्या काळच्या भारतीय ख्रिस्ती लेखनात विरळाच सापडते.

सेवाग्रामातही ख्रिस्ती मंडळी होती. सिलोनचे तमिळ ख्रिस्ती ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांनी आधी शांतिनिकेतनात रवींद्रनाथांचे सचिव म्हणून काम केले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि आर्यनायकम त्याचे मंत्री झाले. पत्नी आशादेवींसह त्यांनी नई तालीम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शिक्षणपद्धतीला आयुष्य दिले. कपूरथळ्याच्या राजघराण्यातील राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती घरात वाढल्या होत्या. गांधीजींच्या सचिव म्हणून त्या सेवाग्रामात काम करत आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत ख्रिस्ती स्तोत्रांना जागा होती. न्यूमनचे ‘लीड, काइंडली लाइट’ गांधीजींना विशेष प्रिय होते. अमेरिकन पत्रकार लुई फिशर जून १९४२ मध्ये आठवडाभर सेवाग्रामात राहिले. गांधीजींच्या कुटीतील मातीच्या भिंतीवर त्यांना येशूचे एकच चित्र लावलेले दिसले, खाली ख्रिस्ताला शांती म्हणणारी ओळ होती.

या आपुलकीत धर्मांतराचा प्रश्न मात्र अवघडच राहिला. ऑक्टोबर १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केल्यावर मिशनांच्या आशा वाढल्या होत्या. जागतिक मिशनरी चळवळीचे नेते जॉन मॉट १९३६ आणि १९३८ मध्ये शेगावला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना स्पष्ट सांगितले की सेवेच्या पोटी धर्मांतराचा हेतू ठेवू नये. वर्ध्यातल्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांनाही हे मान्य होते. पण एक गोष्ट येथे नोंदवलीच पाहिजे. हे कार्यकर्ते बहुतेक बाहेरून आलेले आणि उच्चशिक्षित होते. ज्या दलित कुटुंबांना बाप्तिस्म्यातच अपमानातून सुटकेची वाट दिसत होती, त्यांचा आवाज या चर्चांत फारसा ऐकू आला नाही.

प्राध्यापक एस. के. जॉर्ज यांच्यावर या प्रश्नाचा भार सर्वांत जास्त पडला. केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील या अभ्यासकाने सत्याग्रहाला पाठिंबा दिला आणि १९३२ मध्ये कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातील नोकरी सोडली. १९३९ मध्ये त्यांचे ‘गांधीज चॅलेंज टु ख्रिश्चॅनिटी’ प्रसिद्ध झाले. गांधींच्या चळवळीत ख्रिस्ताचा क्रूस जिवंत झाला आहे आणि चर्चने त्याकडे पाठ फिरवू नये, हे त्याचे प्रतिपादन. पुढे ते वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात शिकवत. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होते. त्या राज्याच्या सरकारने १९५४ मध्ये मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी समितीत ते ख्रिस्ती सदस्य होते. धर्मांतर हेच मुख्य उद्दिष्ट असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस समितीच्या १९५६ च्या अहवालाने केली आणि अनेक ख्रिस्ती संघटना दुखावल्या. स्वधर्मीयांचा रोष पत्करून त्यांच्यापुढे आरसा धरणे किती कठीण असते, हे जॉर्ज यांच्या जीवनातून कळते. १९६० मध्ये ते निवर्तले.

डिसेंबर १९४९ च्या अखेरीस सेवाग्रामात जागतिक शांतता परिषद भरली. शांतिनिकेतनात सुरू झालेल्या या परिषदेत क्वेकर पंथाच्या लोकांचा मोठा सहभाग होता. त्याच सुमारास मार्जरी साइक्स ही इंग्लिश क्वेकर शिक्षिका नई तालीमच्या कामासाठी सेवाग्रामात राहायला आली. १९२८ मध्ये मद्रासला शिकवायला आलेल्या या बाईंनी पुढे भारतीय नागरिकत्व घेतले आणि नई तालीमचा इतिहास लिहिला. पवनारला आश्रम असलेल्या विनोबांनी बायबलच्या नव्या करारातील वेचे निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. इतर धर्मांचे सार त्यांनी ज्या श्रद्धेने काढले त्याच श्रद्धेने हेही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले; पण मोठ्या कारखान्यांकडे वळलेल्या धोरणाशी त्यांचे जमले नाही. मगनवाडी सोडून त्यांनी वर्धा जिल्ह्यातच सेलडोह येथे ‘पन्नई आश्रम’ काढला आणि शेती व ग्रामजीवनाचे प्रयोग चालू ठेवले. प्रकृती ढासळल्यावर ते मदुरैजवळील कल्लुपट्टीच्या गांधीनिकेतनात गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले. १९६७ मध्ये आर्यनायकमही गेले.

ई. एफ. शूमाकर यांच्या १९७३ मधील ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’मध्ये बौद्ध अर्थशास्त्रावर एक प्रकरण आहे. देहाला जसे अन्न तसे माणसाच्या उच्च शक्तींना काम, हे सांगण्यासाठी शूमाकर यांनी त्यात कुमारप्पा या वर्ध्याच्या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाचा आधार घेतला आहे. मगनवाडीतील मगन संग्रहालय आजही चालू आहे. तेथे ग्रामोद्योगांची जुनी साधने जतन केली आहेत, आणि सेंद्रिय कापूस, खादी व नैसर्गिक रंग यांवर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांबरोबर आणि महिलांबरोबर संग्रहालयाची समिती काम करते.